काठीचे आठ फोटो

माझ्या आयुष्यातला पहिला शेकाट्या मी अर्धा तास चिखलात गुडघे टेकून टिपला. लांब लालसर पाय, पांढरं अंग, वर काळे पंख. आठ फोटोंचं अख्खं रीळ मी त्याच्यावर खर्च केलं. तो जागचा हलला नाही, याचं श्रेय मी माझ्या पावलांच्या हलकेपणाला दिलं. फोटो धुऊन आले तेव्हा कळलं की ती चिखलात रोवलेली बांबूची काठी होती. वर एक पांढरी आणि एक काळी चिंधी बांधलेली.

माझी बाजूही ऐकून घ्या. कॅमेऱ्याला डोळा लावायचा तर मला चष्मा काढावा लागे, आणि चष्मा काढला की मला समोरचा साहेबसुद्धा ओळखू येत नसे. शिवाय वाऱ्यानं चिंध्या हलल्या की पंख साफ केल्यासारखं दिसे. बायकोनं आठही फोटो नीट पाहिले आणि म्हणाली, "काठी छान आलीय. एका जागी उभी राहिली म्हणून बरं."

हा नाद मला मंगळूरला लागला. कचेरीच्या कामाला गेलो होतो. संध्याकाळी समुद्रावर ओल्या वाळूत चोची खुपसत पळणारे तुतवार पाहिले आणि काम विसरलो. पण आमच्या बंगळूरला समुद्र नाही. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इथं आले तेव्हा त्यांनी ही गैरसोय ध्यानात घ्यायला हवी होती. लढाईच्या गडबडीत राहून गेलं असावं. पुढं एका हिवाळ्यात समजलं, की तेच पक्षी मारतहळ्ळीपलीकडच्या केरेवरही, म्हणजे तळ्यावरही, उतरतात. पाणी ओसरलं की तळ्याच्या कडेला चिखल उघडा पडतो, तेवढा समुद्र त्यांना पुरतो. साठ सालानंतरची ही गोष्ट. तेव्हा तिकडं नाचणीची शेतं होती आणि सायकलनं पोचेपर्यंत माझ्या पायांत गोळे येत.

पक्षी भडक कपड्यांना बुजतात, असं वाचलं होतं. म्हणून मी कंटोन्मेंटच्या जुन्या बाजारातून खाकी शर्ट, खाकी विजार आणि खाकी टोपी आणली. माझा बॉक्स कॅमेरा दहा फुटांच्या आतलं काही नीट टिपत नसे, तेव्हा मी पावलं मोजत पुढं जाई, मागं येई, तिवई रोवी, वहीत आकडे लिही. या थाटात मी दर रविवारी तळ्यावर उभा असे.

काठीच्या घटनेनंतरच्या रविवारी एक म्हातारी माझ्यापाशी आली. ओसरलेल्या पाण्याच्या जागी तिनं मुळा, कोथिंबीर, दंटू अशी भाजी लावली होती. तिनं मुळ्यांची भलीमोठी जुडी माझ्या सायकलला बांधली.

"घ्या, स्वामी." कन्नडमध्ये साहेबाला स्वामी म्हणतात.

"छे छे, अज्जी, कशाला?" असं मी एकदा म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही.

पुढच्या रविवारी दंटू आला. त्याच्या पुढच्या रविवारी कोथिंबीर आणि दोन शहाळी. मी घरी भाषण केलं, की खेड्यातल्या माणसाला विद्येची कदर असते, ती शहरात, विशेषतः काही घरांत, उरलेली नाही.

"तुम्ही त्यांना काय देता?" बायकोनं मुळा किसता किसता विचारलं.

"तिला माझं काम कळतं."

"मग मलाही सांगायला सांगा एकदा."

पाचव्या रविवारी गेलो, तर म्हातारी वाफ्यांत बसून मुळे उपटत होती. बोटाएवढेही झाले नव्हते. निम्मे वाफे मोकळे झालेले.

"अज्जी, हे काय? अजून पोसायचेत ना?"

ती उठून हात जोडून उभी राहिली. "तुम्ही माझ्या हद्दीच्या काठीचे फोटो नेलेत, स्वामी. जमीन सरकारची आहे, मला ठाऊक आहे. पण नवरा गेल्यापासून घर यावरच चालतं. नोटीस यायच्या आत जेवढं निघेल तेवढं काढून घेते. भाजी देत होते, ती कमी पडली का?"

मी खाकी टोपी काढली. मी म्हणालो, "अज्जी, मी पक्ष्यांचे फोटो काढतो."

"हो, स्वामी," ती म्हणाली, आणि पुन्हा बसून मुळे उपटू लागली. तिचंही बरोबर होतं. पावलांनी जमीन मोजणारा, वहीत आकडे मांडणारा, भाजी मुकाट्यानं नेणारा माणूस पक्ष्यांसाठी येतो, हे मलाही कुणी पटवू शकलं नसतं.

घरी येऊन सगळं सांगितलं. बायको हसेल म्हणून तयारीत होतो, ती हसली नाही. "किती वाफे उपटले?" एवढंच विचारलं. पुढच्या रविवारी तिनं डब्यातली मेथी आणि धणे पुड्यांत बांधले, आणि आम्ही दोघं बसनं निघालो. मी धोतर नेसलो होतो. पक्ष्यांचं काय व्हायचं ते होवो.

म्हातारी आम्हाला बघून पुन्हा हात जोडू लागली. बायकोनं ते खाली केले. तिचं कन्नड माझ्यासारखं कचेरीतलं नाही, बाजारातलं आहे. ते लगेच पोचतं.

"अज्जी, हे कुणीही नाहीत," ती माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली. "कचेरीत कागद लावतात. घरात यांना एक खिळा ठोकता येत नाही, हे तुमची जमीन काय काढून घेणार?"

म्हातारीनं मला नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर खात्री पटत गेली. नेमक्या कोणत्या गोष्टीनं पटली, हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

"मग काठीचे फोटो कशाला काढले?"

"त्यांना तो पक्षी वाटला."

म्हातारी तोंडाला पदर लावून इतकी हसली, की पलीकडच्या चिखलातले खरे शेकाटे उडाले. मी कॅमेरा पिशवीतून काढेपर्यंत ते तळ्यापार गेले होते.

"स्वल्प सरका," बायको मला म्हणाली, आणि पदर खोचून म्हातारीबरोबर मोकळ्या वाफ्यांत मेथी पेरायला बसली. दोघींनी दुपारपर्यंत बहुतेक वाफे भरले. मी बांधावर बसून होतो. निघताना म्हातारीनं मला काहीही दिलं नाही, तेव्हा मला बरं वाटलं.

परतीच्या बसमध्ये बायकोनं पदराची माती झटकली. मग म्हणाली, "तिला सांगून आलेय, मेथी उगवेपर्यंत दर रविवारी पाणी तुम्ही घालणार. घागर तिचीच आहे. आणि यांना स्वामी म्हणू नका, असंही सांगितलंय."