लॅपटॉप वाजवणारा

संगीतावर लिहिण्याचा मला काही अधिकार नाही. हे आधीच सांगतो आणि माफी मागतो. मी गाणं शिकलेलो नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे एखादं वाक्य वाकडं गेलं तर ते सरळ करून देणारंही घरी कुणी नाही. तरी लिहितो आहे, कारण या भांडणात मी इतका गुंतलो आहे की ते मांडल्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही.

भांडण समजायला सोपं आहे. सिंथेसायझर नावाचं एक वाद्य असतं. त्याला तारा नाहीत, भाता नाही. आत विजेची सर्किटं असतात, त्यांतून आवाज निघतो आणि समोरची बटणं फिरवून तो हवा तसा घडवता येतो. आता तेच काम लॅपटॉपमधला एखादा प्रोग्रॅम करतो. तिकडे जे विजेनं व्हायचं ते इथं गणितानं होतं. मग हा गणिताचा आवाज त्या जुन्या यंत्रासारखा वाटतो का? इंटरनेटवर यावर रोज वाद चालतात. जाणकार म्हणवणारे बहुतेक जण सांगतात की नाही, जुन्या यंत्रात एक ऊब असते, ती सॉफ्टवेअरला येणे नाही. हे वाचून मला आधी हसू यायचं, कारण मे महिन्यात यवतमाळात बसून ऊब शोधायची पाळी कुणावर येत नाही. नंतर राग यायचा. ज्यांच्या घरी ती यंत्रं आहेत त्यांनी खरं काय ते ठरवायचं आणि बाकीच्यांनी मान हलवायची, हा कुठला न्याय?

माझं गाव बाभुळगाव तालुक्यात आहे. घरी कापूस आणि तूर. मी यवतमाळात खोली घेऊन बी.एस्सी. करतो, विषय इलेक्ट्रॉनिक्स. चुलतभावानं वापरून सोडलेला लॅपटॉप माझ्याकडे आला, त्यात फुकट मिळणारे सिंथेसायझरचे प्रोग्रॅम घातले, आणि दोन सप्तकांचा लहानसा कीबोर्ड त्याला जोडला. एवढंच माझं सामान.

योगायोग म्हणजे माझ्या घरमालकांकडे खरं यंत्र निघालं. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. तरुणपणी ते गावातल्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचे. बैठकीच्या खोलीत, शोकेसच्या शेजारी, भरतकाम केलेल्या झाकणाखाली ते यंत्र ठेवलेलं होतं. मी पहिल्यांदा झाकण उचललं तेव्हा काका म्हणाले, "हात पुसून घे. आणि तुझा तो खोका इथं आणू नकोस. डबाबंद आमरस आणि आमरस यांत फरक असतो."

काकू आतून म्हणाल्या, "गेल्या वर्षी डबाबंदच खाल्ला होता. दोन वाट्या मागून घेतला."

"ते वेगळं," काका म्हणाले.

या वर्षी मी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकल वादनासाठी नाव दिलं. सांस्कृतिक विभाग सांभाळणारे सर मराठी शिकवतात. त्यांनी माझा लॅपटॉप पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. "बेटा, लोक सतार घेऊन येतात, सनई घेऊन येतात. मी तुझ्यासाठी काय लिहू? लॅपटॉप?"

"हो सर."

"ही तर नक्कल झाली. खऱ्या वाद्याची नक्कल."

मला बोलायला नेहमी उशीर होतो. पण त्या दिवशी तोंडातून निघालं, "सर, खरं वाजवलेल्या माणसाला ओळखू आलं नाही तर?"

मी काकांच्या यंत्राबद्दल सांगितलं आणि सर परीक्षा घ्यायला तयार झाले. काकांनाही हुरूप आला. ठरलं असं, की दोन्ही एकाच अॅम्प्लिफायरला जोडायची आणि काकांनी भिंतीकडे तोंड करून बसायचं. मी कधी यंत्र वाजवायचं, कधी लॅपटॉप, आणि काकांनी ओळखायचं. कळांचा खडखडाट ऐकून ओळखू नये म्हणून पंखा पूर्ण वेगानं लावला. पावसानं दडी मारली होती, भर दुपार होती, आणि यंत्र सकाळपासून चालू होतं.

काकांनी प्रत्येक वेळी बरोबर ओळखलं. एकदाही चुकले नाहीत. शेवटी शेवटी तर मी एक कळ दाबली की ते नुसतं बोट वर करायचे, क्रिकेटच्या पंचासारखं.

सर उठले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नको. पुढच्या वेळी पेटी शीक."

मला फार वाईट वाटलं. आवाजाची जात तर तीच होती, मीही ऐकत होतो. मग काकांना कळत कसं होतं? मी तसाच तारा गुंडाळत बसलो. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, "तुझं सुरात आहे रे, म्हणून पकडला गेलास. यांचं दुपारी कधी सुरात असतं का?"

काकू त्याच ऑर्केस्ट्रात गायच्या, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी सांगितलं, "दुपारचं लग्न असलं की माझे हाल. पहिलं गाणं काळी दोनमध्ये सुरू व्हायचं, आणि मांडवातला पत्रा तापला की शेवटचं गाणं पांढरी तीनला पोचायचं. अर्धा सूर वर. यंत्र तापायचं आणि चढायचं. पेटीवाल्याचं जुळेना, तो बिचारा हाताची घडी घालून बसायचा. मी मात्र ओरडत राहायची."

"गळा बसला की दोष यंत्राचा!" काका म्हणाले.

"मग त्याला विचारा. विज्ञान शिकतो तो."

काकू म्हणत होत्या ते खरं होतं. जुन्या सर्किटचा सूर तापमानानं सरकतो, हे मी वर्गात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. पण समोर चालू असलेल्या यंत्राला ते लावून पाहावं, हे डोक्यात आलं नव्हतं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही ही गोष्ट माहीत असते. त्यांनी त्यासाठी एक बटण दिलेलं असतं, ते फिरवलं की सूर जरासा खालीवर डळमळतो. मी ते वापरत होतोच. काकांचं यंत्र मात्र डळमळत नव्हतं. ते सावकाश, एकाच दिशेनं चढत होतं. त्यात एका आवाजासाठी दोन सर्किटं एकत्र वाजतात, आणि त्यांतलं एक दुसऱ्याच्या थोडं पुढे चढायचं. त्या प्रोग्रॅमवाल्यांनी ज्या यंत्राची नक्कल केली ते कुठल्या तरी थंड खोलीत ठेवलेलं असणार. यवतमाळातल्या मांडवात उभं असलेलं यंत्र त्यांनी ऐकलेलंच नव्हतं. मग अस्सल कोणतं म्हणायचं? त्यांचं की काकांचं?

मी कामाला लागलो. काकांना विचारून त्यांचं यंत्र चालू करायचो, ते चढत जाताना त्याचा सूर मोजायचो, आणि तसाच चढ माझ्या प्रोग्रॅममध्ये घालायचो. काका पेपरच्या आडून बघायचे. खरं सांगायचं तर सगळं जमलं नाही. खालच्या सुरात आवाजाची धार वाढवणारं बटण झटक्यात फिरवलं की काकांचं यंत्र एक वेगळीच किंचाळी मारतं. ती मला अजून येत नाही. जे येत नाही ते येत नाही म्हणायला मला लाज वाटत नाही. बाकीचं मात्र आलं.

सरांना पुन्हा बोलावलं. तीच खोली, तसाच उकाडा. या वेळी काका अडखळू लागले. दोन बरोबर, एक चूक, मग "पुन्हा वाजव." त्यांनी पंखा बंद करायला लावला आणि कळांचा आवाज लपावा म्हणून सरांना टेबलावर बोटं वाजवत बसवलं. मी शेवटची चाल वाजवली. काकांनी मांडीवर थाप मारली. "हे माझं! झोपेतून उठवून विचारा, हे माझं."

तो लॅपटॉप होता.

सर हसले. काका वळून बसले आणि यंत्र किती तापलंय ते त्यांनी हात लावून पाहिलं. मग म्हणाले, "माझा सूर चढतो, हे इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही."

"रोज सांगत होते," काकू म्हणाल्या. "तुम्हाला वाटायचं मी भांडते आहे."

सरांनी तिथंच परवानगी दिली. "आता हरकत नाही. अगदी काकांसारखं वाजतं. लोकांना कळणारसुद्धा नाही."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण चहा संपेपर्यंतच टिकला. 'लोकांना कळणारसुद्धा नाही' हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी वर्गात 'मले' म्हणालो की मागच्या बाकावरून हसू यायचं. मग मी 'मला' म्हणायला शिकलो, 'कायले'चं 'कशाला' केलं, आणि आता लोक कौतुकानं म्हणतात, "वाटतच नाही रे तू खेड्यातला." पाठ थोपटून म्हणतात. मीही हसून घेतो. पण त्या दिवशी मनात आलं, की ओळखू न येणं हीच माझी परीक्षा असेल, तर पास होऊन मी मिळवलं काय? लॅपटॉपला दुसऱ्याचा आवाज काढता येतो, हे मी दाखवलं होतं. त्याचा स्वतःचा आवाज कोणता, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मीही नव्हतं विचारलं.

मग मी ठरवलं. महोत्सवात काकांचा आवाज वाजवायचा नाही. ज्याचं अस्सल कुठल्याच घरात झाकून ठेवलेलं नाही, असा आवाज वाजवायचा.

तो बनवायला बरेच दिवस लागले. बासरीसारखा नाही, सनईसारखा नाही. सुरुवातीला घोगरा, मग मोकळा होणारा. सकाळी उठल्यावर माणूस पहिलं वाक्य बोलतो तेव्हा होतो तसा. त्यावर मी भुलाबाईच्या गाण्याची एक चाल बसवली. माझी बहीण लहानपणी अंगणात म्हणायची, ती.

काकांना सांगितलं तेव्हा ते चिडले. "मग इतके दिवस माझं यंत्र छळलंस कशाला?"

"येते का ते पाहाले."

"आणि आलं तर टाकून द्यायचं?"

"टाकलं नाही काका. तुमचं तुमच्यापाशी हाये. मले माझं पाह्यजे."

बोलून गेल्यावर लक्षात आलं की मी 'मले' म्हणालो होतो. काकांनी काही दुरुस्त केलं नाही. पेपर उघडला आणि त्यात तोंड घातलं.

बाबांचा फोन आला तेव्हा त्यांनाही सांगितलं.

"काय वाजवून राह्यला? पेटी?"

"नाही बाबा, लॅपटॉप."

"लॅपटॉप का वाजवाची चीज हाये?"

"आता हाये."

बाबा हसले. मग म्हणाले, "बरं. नीट वाजवजो. अन् चार्जिंग करून नेजो."

महोत्सव दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात होता. माझं नाव पुकारलं, मी टेबलावर लॅपटॉप ठेवला, आणि परीक्षकांत कुजबुज सुरू झाली. तीन परीक्षक होते. सगळ्यांत वयस्कर होते त्यांनी विचारलं, "वाद्य कुठाय?"

"हेच, सर."

"हा तर कॉम्प्युटर."

"हो, सर."

शेजारच्या बाई परीक्षक म्हणाल्या, "आत गाणं लावून ठेवायचं आणि वरून नुसती बोटं हलवायची, असं तर नाही ना?"

सभागृहात हशा झाला. माझे कान तापले. मी पिशवीतून कीबोर्ड काढून लॅपटॉपला जोडला. "मॅडम, तुम्ही एखादी ओळ गुणगुणा. मी ती वाजवतो."

त्यांनी खरंच माईक जवळ घेतला आणि एक आडवळणाची ओळ गायली. मी ती वाजवली, एका ठिकाणी घसरलो, पुन्हा वाजवली. बाईंनी मान डोलावली. तिसरे परीक्षक म्हणाले, "वाजवू द्या त्याला. धरायचं की नाही ते नंतर बघू."

मग मी माझी चाल वाजवली. मध्येच एक कळ चुकली, त्यानं लय थोडी सांडली. पण मागच्या रांगेतल्या काही मुलींना चाल ओळखू आली आणि त्या टाळ्यांचा ठेका धरू लागल्या. एवढं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

माझ्या नावापुढचा निकाल राखून ठेवला. लॅपटॉप वाद्यात धरायचा की नाही, हे विद्यापीठ ठरवणार होतं. बक्षीस मला नकोच होतं असं म्हणणार नाही. पण त्याहून मला हे हवं होतं, की मी काही तरी वाजवलं एवढं तरी धरलं जावं. बाद केलं असतं तर त्याचा अर्थ असा झाला असता, की त्या दिवशी मी स्टेजवर गेलोच नव्हतो. दिवाळी झाली. घरी कापूस वेचणं सुरू झालं. मी सरांना विचारायचो आणि सर म्हणायचे, "फाइल फिरते आहे." मग मी विचारणं बंद केलं आणि हे लिहायला बसलो.

इथपर्यंत लिहिलं आणि सरांचा फोन आला. ते जिना चढत असावेत, धाप लागली होती.

"अरे, तुझा निकाल आला."

"काय सर?"

"शेवटून दुसरा आहेस," ते म्हणाले. मग श्वास घेऊन म्हणाले, "पण धरलंय तुला. बाद नाही केलं. वाद्याच्या रकान्यात लॅपटॉप लिहिलंय."