चिखलात अंथरलेल्या जुड्या

काल पाणथळीवरच्या लाकडी वाटेने लेकीसोबत चालताना कुजक्या गवताचा वास आला आणि मी थांबले.

तेव्हा साखरशेतच्या शाळेत मी नवी शिक्षिका होते. जवळची वाट म्हणून हिरवळीवर पाय टाकला आणि खालच्या चिखलात कमरेपर्यंत रुतले. गावातली सखूताई भाताच्या रोपांच्या जुड्या घेऊन लावणीला निघाली होती.

“बाई, हलू नको.”

तिने सगळ्या जुड्या चिखलात अंथरल्या, त्यांवर पालथी पडली आणि मला ओढून काढलं.

“माझी चप्पल,” मी एवढंच म्हणाले. तिने तीही काढून दिली.

त्या वर्षी शाळेच्या वाटेवर भाताचं एक खाचर लावणीविना रिकामंच होतं. ते कुणाचं, हे मला काल उमगलं.