खाकी टेपमधली चटणी

मी तसा भित्राच. शुक्रवार पेठेत कुत्रं भुंकलं तरी गल्ली बदलतो. आणि नेमकं मलाच परदेशी यंत्रमाग जोडायला पाठवलं, तेही अशा देशात, जिथं मी पोचल्यावर महिन्याभरात लष्करानं सरकार उलथवलं. विमानतळ बंद झाला. कारखान्याचा ड्रायव्हर मला शेजारच्या देशाच्या सीमेवर सोडायला तयार झाला. तो तिथलाच, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा.

वाटेत सैनिकांनी गाडी अडवली. बॅगेत काय, असं विचारल्यावर ड्रायव्हरनं सांगितलं, कपडे. त्यांनी बॅग उपसली आणि तळाशी निघालं शेंगाचटणीचं पाकीट. सोलापूरहून निघताना बायकोनं त्याला खाकी टेप गुंडाळली होती, थरावर थर. "तेल सुटतंय की, कापडास्नी लागंल," म्हणाली होती. हे शेवटचं पाकीट मी परतीच्या वाटेसाठी राखून ठेवलेलं. आता ते बॉम्बसारखं दिसणारं पाकीट बघून मलाच धडकी भरली.

खोटं बोलला म्हणून एकानं ड्रायव्हरच्या मानेला बंदूक लावली, पाकीट फोडलं आणि चटणी त्यालाच खायला लावली. त्याला तिखटाची सवय कुठली? असा ठसका लागला की श्वास अडकला. सैनिकांना वाटलं, विषच. आरडाओरडा सुरू झाला. मग मी चटणीची मूठ तोंडात कोंबली, बॅगेतली कडक भाकरी काढली आणि मोडली. कट्टकन आवाज झाला. सगळ्या बंदुका माझ्याकडे वळल्या. आता संपलं, असंच वाटलं. तरी चावत राहिलो, दुसरं काही सुचतच नव्हतं. शेवटी त्यांच्यातला एक जण हसला आणि त्यांनी आम्हाला सोडलं.

सीमेवर उतरल्यावर ड्रायव्हरनं उरलेली भाकरी मागून घेतली. पुन्हा अडवलं तर मोडून दाखवीन, म्हणाला.

हा किस्सा मी इथं रंगवून सांगतो. मित्र हसून हसून टाळ्या देतात. बायको मात्र पहिल्यांदा ऐकलं तेव्हाही हसली नाही.

"त्यो माघारी कंच्या वाटनं गेला वो?"

"त्याच."

"घरी कोण कोण हाय त्याच्या?"

ते त्यानं गाडीत सांगितलं होतं. पण माझं सगळं लक्ष रस्त्याकडे होतं. त्याला फोन रोज लावतो. अजून कुणी उचललेला नाही.