सरसाचा जोड

आत्या वारल्यावर तिचा तंबोरा माझ्याकडे आला. वडगावचं घर सोडून आम्ही पिरनवाडीला राहायला गेलो, त्या दिवशी टेम्पोतून उतरवताना तो माझ्या हातून निसटला आणि भोपळ्याला वीतभर तडा गेला. कुणी पाहिलं नव्हतं. मी हार्डवेअरच्या दुकानातून दोन ट्यूब मिसळून लावायचं सोल्युशन आणलं, तडा भरला आणि वरून तपकिरी पॉलिश मारलं.

तीन-चार वर्षांत आवाज अगदीच बसला. तेव्हा निपाणीच्या कारागिराकडे गेले. तंबोरा त्याच्या वडिलांनीच बनवलेला. त्यानं गरम ओल्या फडक्यानं जोड शेकला. सरस म्हणजे वाद्यं जोडायचा शिजवून लावलेला गोंद; तो असा शेकला की मऊ होतो, जोड सुटतो. म्हणून तर जुनी वाद्यं पुन्हा पुन्हा उघडून नीट करता येतात. हा जोड हलेना.

"ह्यो सरस न्हाय. कुणी केलंय हे, आक्का?"

"आत्यानंच कधीतरी करून घेतलं असेल," मी पटकन म्हणाले.

"त्या आमच्या आप्पांशिवाय कुणाला हात लावू देत न्हवत्या." तो तड्याकडे बघत राहिला. "शेवटी आप्पांचं डोळं गेलतं. सरस शिजवायला जमलं नसंल. माफ करा त्यास्नी."

वडील जाऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. मी मान हलवली. म्हणजे मी माफ केलं!

पंधरा दिवसांनी तंबोरा आणायला गेले. ते सोल्युशन खरवडताना भोपळा आणखी फुटला होता. दुसऱ्या जुन्या भोपळ्याचा तुकडा बेतून त्यानं तिथं सरसानं बसवला होता. दारात बसलेली त्याची आई मला बघताच उठून आत गेली.

"तुमाला तोंड दावायला लाजतीया," तो हळूच म्हणाला. "आप्पांच्या हातनं असलं काम झालं म्हणून."

मग मात्र मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. तो उठून आत गेला. थोड्या वेळानं म्हातारी बाहेर आली.

"मग त्यांचं न्हवतं व्हय ते?"

"नव्हतं."

तिनं पदरानं डोळे पुसले. "आन् तुमी ऐकून घेतलासा?"

मी तंबोऱ्यावर खोळ चढवू लागले.

तंबोरा आता सुरेख वाजतो. कुणी विचारलं, तर त्या कारागिराचं नाव अभिमानानं सांगते. तारा बदलायच्या झाल्या, की मात्र निपाणीवरून पुढं कोल्हापूरला जाते. निपाणीच्या स्टँडवर बस थांबते, तेव्हा खिडकीतून बाहेर बघत नाही.