कानाशी हलवलेली बाटली

पालीच्या स्टँडवर रत्नागिरीच्या एसटीची वाट बघताना त्या बाई भेटल्या. दोघांनीही समोरच्या दुकानातून थंड सरबत घेतलं. मी अधाशासारखी बाटली संपवली. त्यांनी मात्र शहाळं निवडताना हलवतात तशी सीलबंद बाटली कानाशी हलवली. ती जरा जास्तच खळखळली. दुकानातल्या दुसऱ्या बाटलीशेजारी उभी केली, तर सरबत चांगलं बोटभर खाली!

"काकी, बदलून देतो," दुकानदार म्हणाला.

"नको रे बाबा. ही मग तू दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात मारशील. बिल दे. वजनमापांच्या ऑफिसात तक्रार करते."

"घोटभर तरी प्या," मी म्हटलं.

"सील फोडलं तर म्हणतील, बाईच प्यायली!"

आणि त्या भर उन्हात, हातात सरबत धरून, तहानलेल्याच एसटीत चढल्या.

महिन्याभराने मी पुन्हा त्याच दुकानात गेलो. वजनमापांचे साहेब येऊन सगळ्या बाटल्या तपासून गेले होते, कंपनीने खोकीच्या खोकी परत नेली होती. बाईंचं नाव दुकानदारालाही माहीत नव्हतं. पण मला बाटली देण्याआधी त्याने ती स्वतःच कानाशी धरून हलवली.