पाणी भरतंय, पण फवारत नाय

पेणला आमचं मशीन रिपेअरिंगचं दुकान आहे. दुरुस्तीला जातात आमचे सुहासराव, म्हणजे माझा नवरा, आणि फोन घेते मी. त्यामुळे स्क्रू त्यांच्याकडे साठतात आणि किस्से माझ्याकडे. स्क्रू निदान डब्यात गप्प बसतात. किस्से मात्र पाहुण्यांसमोर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही बाहेर पडतात.

हल्ली पार रोह्यापर्यंत डिशवॉशर पोचलेत आणि तक्रार बहुतेक एकच असते. "ताई, पाणी भरतंय, पण फवारत नाय." मशीनमध्ये खाली-वर पंखे असतात. पंप पाणी ढकलतो, ते पंख्यांच्या भोकांतून उडतं आणि भांडी धुऊन निघतात. मध्ये कुठे अडलं की मशीन नुसतं पाणी भरून बसतं. हे सगळं मला येतं. दुकानातलं जुनं मशीन मी इतक्यांदा खोललंय आणि जोडलंय की त्यालाच माझा कंटाळा आला असेल.

पण कस्टमरच्या घरी जाऊन दुरुस्ती करते म्हटलं की सुहासराव मान हलवायचे. "बाई माणसाला लोक मशीनला हात लावू देणार नाहीत गं," हे त्यांचं ठरलेलं. मला या वाक्याचा असा संताप यायचा की विचारू नका! तोवर मी आपली फोनवरूनच मशीनं चालू करत होते.

*

वडखळहून एका गृहस्थांचा फोन आला. पाणी भरतं, फवारत नाही, मशीन बदलून द्या. मी म्हटलं, दार उघडा आणि खालचा पंखा हाताने फिरवून बघा. फिरत नाही म्हणाले. मग खालच्या कप्प्यात काय ठेवलंय ते विचारलं, तर टोप, ताटल्या, वाट्या असं सगळं सांगत गेले. मागून बायकोचा आवाज आला, "आणि ती पळी? सकाळपासून सांगतेय, दांडा खाली लोंबतोय म्हणून."

गृहस्थांनी पळी ओढून काढल्याचा खडखडाट मला ऐकू आला. मग म्हणाले, "ताई, इकडे रेंज नाय," आणि फोन ठेवला. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला, मशीन आपोआप दुरुस्त झालं!

*

पेणमध्येच एक मूर्तिकार आहेत. गणपतीच्या आधी त्यांच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते, तेव्हाच त्यांचं मशीन बंद पडलं. सुहासरावांनी तळाची जाळी काढली तर आत गच्च शाडू माती. साहेबांनी कारखान्यातली मातीची घमेली आणि वाट्या सरळ मशीनमध्ये लावल्या होत्या.

सुहासराव ती माती पिशवीत भरून फेकायला निघाले, तर मूर्तिकारांनी हात धरला. "अहो, चांगली मळलेली माती हाय, फेकता काय?" आणि तिथल्या तिथे, बोलता बोलता, त्यांनी तिचा एक उंदीर केला. वाळल्यावर रंगवून आम्हालाच पाठवला. दुकानाच्या काउंटरवर तो अजून आहे आणि इतका स्वच्छ धुतलेला उंदीर आख्ख्या पेणमध्ये सापडायचा नाही.

*

गागोद्याच्या एका काकूंच्या मुलाने मुंबईहून मशीन पाठवलं होतं. काकूंचा फोन आला, तीच तक्रार. मी विचारलं, आत काय घातलं होतं? "भांडीच." आणखी काही? "नाय गो, भांडीच." आवाज मात्र जरा पडलेला होता.

सुहासरावांनी पंखा काढून उलटा केला, तर प्रत्येक भोकात वालाचं साल! काकूंना बिरडं करायचं होतं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकले की सालं सुटतात, मशीनमध्ये कोमट पाणी फिरतं, मग हाताने सोलत कशाला बसायचं, असा त्यांचा हिशेब. मी नंतर फोनवर विचारलं, "काकू, सालं सुटली का मग?"

"सालं सुटली गो," त्या म्हणाल्या, "पण वाल कुठं गेले ते तुझ्या नवऱ्याला पण कळलं नाय."

*

एकदा सुहासराव तापाने झोपले होते, म्हणून मी हट्टाने बॅग उचलली आणि पेणमधल्याच एका घरी गेले. मला वाटलं, आता जमलं. घरातल्या मावशींनी आत घेतलं, पंख्याखाली बसवलं, सरबत दिलं, पेरू कापून दिला. मी सारखी किचनकडे बघतेय आणि त्या मला माहेर कुठलं ते विचारतायत. शेवटी म्हणाल्या, मेकॅनिक गाडी लावतोय का खाली?

मीच मेकॅनिक, असं सांगितल्यावर त्या खूप हसल्या. मशीन काही उघडू दिलं नाही, वर निघताना ओटी भरली. मी नारळ आणि ब्लाऊजपीस घेऊन घरी आले. सुहासराव तापातसुद्धा उठून बसले आणि म्हणाले, "इतक्या वर्षांत माझी कुणी ओटी भरली नाही." मी त्या दिवशी त्यांच्याशी बोललेच नाही. नंतर मात्र त्यांनाच वाईट वाटलं असावं. म्हणाले, एक मशीन कुणाच्या मदतीशिवाय चालू करून दाखव, रोह्याकडची सगळी कामं तुझी.

*

पुढचाच फोन रोह्याजवळच्या अष्टमी गावाहून आला. सून कंपनीत शिफ्टला गेलेली, घरी एकट्या आजी. दारातच त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एकलीच आलीस काय गो?" व्हय म्हटलं. "मग ये, सून यायच्या आधी चालू कर. नायतर म्हणेल म्हातारीनंच बिघडवलं."

प्लग काढला, साचलेलं पाणी उपसलं, जाळी काढून पंपात बोट घातलं. पात्यांना काथ्याच्या तारा घट्ट गुंडाळलेल्या! विचारलं, तर आजी प्रत्येक भांडं आधी नारळाच्या काथ्याने लख्ख घासून मगच मशीनमध्ये लावत होत्या. "उष्टं भांडं मशीनला द्यायचं? बरं दिसतं काय?"

तारा काढल्या, सगळं जोडलं, मशीन सुरू केलं आणि दारात सुहासराव उभे! रोह्याला सहज काम होतं म्हणे. ते थेट मशीनपाशी गेले, वाकले, दाराला कान लावला आणि डोळे मिटले.

"पंप फिरतोय," ते म्हणाले, "पण पाणी पंख्यापर्यंत पोचत नाही. फवारत नाहीये, मनीषा."

मी म्हटलं, फवारतंय. ते म्हणाले, माझे कान चुकत नाहीत. आमचं असं बराच वेळ चाललं. आजी आधी माझ्याकडे बघत होत्या, मग त्यांच्याकडे. शेवटी सुहासरावांनी वैतागून कान जरा बाजूला घेतला, तेवढ्यात आजींनी पुढे होऊन दार खसकन खाली ओढलं.

दार उघडलं की मशीन थांबतं. पण निघालेलं पाणी काही थांबत नाही. सुहासराव कपाळापासून पट्ट्यापर्यंत भिजले.

आजींनी दार लावलं, मशीन पुन्हा सुरू झालं. मग दोरीवरचा पंचा ओढून त्यांनी सुहासरावांच्या हातात दिला आणि अगदी मायेने विचारलं, "काय रे बाबा, वरचा पंखा पण दाखवू?"