लाल गोलाखालची ओळ

माझी आई हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या बाजारात बांगड्या भरते. तीन वर्षांपूर्वी तिच्या पायाचा अंगठा असा सुजला, की अंगावरची चादर लागली तरी ती कळवळायची. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं, रिपोर्टवर यूरिक ॲसिडभोवती लाल पेनाने गोल काढला आणि डाळ बंद केली. सोबत दुखण्याच्या गोळ्या दिल्या. अंगठा ठणकला की गोळी, असं दोन वर्षं चाललं. एकदा तिने भाकरीवर चमचाभर वरण घेतलं, तर मी तिच्या पुढचं ताटच ओढून घेतलं. आजही ते आठवलं की स्वतःचीच चीड येते.

मग तिच्या तोंडावर सूज यायला लागली, अन्न नकोसं झालं. मी शिकवते त्या शाळेतून रजा काढून तिला जीपने हिंगोलीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जुना कागद पाहिला आणि लाल गोलाच्या खालच्याच ओळीवर बोट ठेवलं. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन तेव्हाच वाढलेलं होतं. मूत्रपिंड दुबळं झालं की यूरिक ॲसिड बाहेर पडत नाही, रक्तात साचतं, असं त्यांनी समजावलं. दोष तिच्या ताटात शोधला, मूत्रपिंडाकडे कुणी पाहिलंच नाही. वर त्या गोळ्यांनी उरलंसुरलं आणखी बिघडवलं.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद गावातल्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. ही ओळ वाचली होती का, एवढंच विचारलं.

"तुमच्या आई पाय दाखवायला आल्या होत्या," ते म्हणाले. "किडनीची तक्रार त्यांनी कधी केलीच नाही."

"किडनी तक्रार कशी करते, डॉक्टरसाहेब?"

त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. एक म्हातारा लंगडत आत आला. मी त्याला तिथेच सांगितलं, दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या आधी किडनी तपासून घ्या. डॉक्टरांनी मला बाहेर जायला सांगितलं.

घरी येऊन मी तावातावाने सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं.

"त्याला काहून विचारतीस?" ती म्हणाली. "कागद दोन वर्षं तुझ्याच कपाटात व्हता. मला तर वाचता येत न्हाई."

आता दर तीन महिन्यांनी आम्ही हिंगोलीला जातो. डायलिसिसची वेळ अजून आलेली नाही. गेलेली किडनी परत येणार नाही, हे दोघींनाही माहीत आहे.